विनीच्या बोटाखालची शांतता

विनी ऑल्डक्रॉफ्टने आयुष्यात एकदाच उशीर केला, तोही अर्ध्या सेकंदाचा. एरवी बसच्या आधी दहा मिनिटं ती थांब्यावर, आणि दाताच्या डॉक्टरकडे दवाखाना उघडायच्या आधी दारात. तिची थोरली बहीण हेझेल म्हणायची, "तुझं काही सांगता येत नाही बाई. स्वतःच्या मयतीलाही तू आदल्या दिवशी जाऊन पुढची खुर्ची धरशील."

१९६६ साली विनी तेवीस वर्षांची होती आणि लंडनच्या एका टीव्ही स्टुडिओत प्रॉम्प्टिंग करायची. तेव्हा मालिका आजच्यासारख्या तुकड्यातुकड्यांनी, चहा पीत पीत, दहादा चुकून बनत नसत. आठवडाभर चर्चच्या एखाद्या थंडगार हॉलमध्ये तालीम करायची आणि शुक्रवारी संध्याकाळी स्टुडिओत अख्खा भाग नाटकासारखा सलग उरकायचा. फीत महाग, ती मध्येच कापायची तर साहेबांची परवानगी लागायची. त्यात दहाच्या ठोक्याला दिवेवाले दिवे बंद करत. तुमचा नायक मरता मरता अर्धवट राहिला असला तरी त्यांना त्याचं सोयरसुतक नसे. युनियनचा नियम म्हणजे नियम, आणि खरं सांगायचं तर त्यांचंही घर होतं, त्यांचंही जेवण थंड होत होतं.

अशा घाईत नट ओळ विसरला तर काय करायचं? त्यासाठी विनी होती. तिच्या डाव्या हातात संहिता आणि उजव्या हातात वायरीच्या टोकाला एक बटण. ते दाबून धरलं की सगळ्या स्टुडिओचा आवाज फितीवर जायचा थांबे. नट अडखळला की आधी बटण दाबायचं, मग ओळ सांगायची, मग बटण सोडायचं. घरी बसलेल्यांना वाटे, माणूस जरा विचारात पडला. हे काम इतकं चोख करायचं की ते कुणी केलं असं कुणाच्या मनातही येऊ नये. विनीला ते चोख येत होतं.

'खारा चंद्र' ही सहा भागांची मालिका होती. एक यान मिठाच्या चंद्रावर अडकतं, आणि तिथले खारे लोक त्याच्या दाराशी येतात, अशी गोष्ट. खारे लोक म्हणजे गोणपाटाचे झगे घातलेली आठ माणसं. त्यांच्या हातांत भांडी घासायचे रबरी मोजे आणि मोज्यांना चांदीचा रंग. हसू नका, त्या हिवाळ्यात निम्म्या देशातली मुलं सोफ्यामागे लपून ते बघत होती. शेवटच्या भागात चंद्रावर रात्र पडते, खारे लोक बाहेर गारठून मरू लागतात, आणि त्यांना आत घ्यायचं की नाही हे कॅप्टन हॅलमने ठरवायचं असतं. कॅप्टन झाला होता ऑब्री स्टॅनफोर्थ, एक्केचाळीस वर्षांचा, देखणा, नाटकात मुरलेला. त्याची ओळ होती, "दार उघडा. त्यांनाही आपल्यासारखीच थंडी वाजते."

दहाला एकच मिनिट उरलं असताना कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर आला आणि ऑब्री पार कोरा झाला. त्याने मान न हलवता फक्त डोळे विनीकडे वळवले. बुडणारा माणूस काठाकडे बघतो तसे ते डोळे होते. पहिल्यांदाच विनीची जीभ बोटाच्या आधी धावली. "दार" म्हणून झालं, मग बटण दाबलं गेलं. पुढचं "उघडा" शांततेत गेलं, पण तो पहिला शब्द पुसटसा, कुजबुजल्यासारखा फितीवर चढला. ऑब्रीने श्वास घेतला, ओळ म्हटली, दार उघडलं, दिवे गेले. पुन्हा करायला वेळच नव्हता.

दिग्दर्शक जिना उतरून आला तो थेट तिच्या अंगावर. "तुझं बोट काय झोपलं होतं का?" सगळ्यांसमोर. पुढच्या मालिकेला तिला बोलावलं नाही. शाळेच्या मुलांसाठीचे कार्यक्रम करणाऱ्या खात्यात तिला ढकलून दिलं, आणि तिथे बेडकांची आणि अपूर्णांकांची सेवा करत तिने सव्वीस वर्षं काढली. शेवटी पडद्यावर जी नावं वर सरकत जातात त्यांत प्रॉम्प्टिंगवाल्या मुलीचं नाव तेव्हा घालत नसत. म्हणजे विनीचं नाव कधीच, कुठेच आलं नाही.

आणि तिकडे काय झालं? वर्तमानपत्रांनी ती चार सेकंदांची शांतता डोक्यावर घेतली. असा संयम पडद्यावर पाहिला नाही, एका चेहऱ्यावर अख्खी माणुसकी दिसली, वगैरे. महिन्याभरात ऑब्री एका मुलाखतीत सांगून बसला, "मीच दिग्दर्शकाला म्हणालो, इथे मला चार सेकंद बोलू देऊ नका." एकदा सांगितलेलं मागे घेता येत नाही. त्यामुळे तो सांगत राहिला.

त्या कुजबुजीवरही चाहत्यांनी कमी डोकं लढवलं नाही. कुणी म्हणे चंद्राचा आत्मा बोलतो, कुणी म्हणे कॅप्टनची मेलेली बायको. लेस्टरच्या एका गृहस्थांनी तर अकरा पानं लिहून तो वारा असल्याचं सिद्ध केलं होतं. १९८९ साली स्विंडनच्या एका हॉटेलात चाहत्यांचा मेळावा भरला, तेव्हा विनी तिकीट काढून गेली आणि शेवटच्या रांगेत बसली. ऑब्रीने तीच कहाणी रंगवून सांगितली, तीनशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवू लागली. विनीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण ती खुर्चीतून उठली नाही.

"मग उठून बोलायचं होतंस ना!" घरी आल्यावर हेझेल म्हणाली.

"लोक हसले असते."

"हात चांदीने रंगवून आलेली माणसं, ती तुला हसणार?"

विनीला पैसा नको होता, टाळ्याही नको होत्या. कुणीतरी एकदा म्हणावं की तो आवाज विनीचा, एवढंच तिला हवं होतं. पण जगाला तो आवाज तिचा म्हणून कळायचा तर ऑब्री ओळ विसरला होता हेही कळणार, त्याला इलाज नव्हता. दोन्ही एकाच दोऱ्यात गुंफलेलं होतं.

दोघी बहिणी हॅनवेलला राहत. हेझेलचा नवरा गेल्यावर ती विनीकडे आली ती कायमचीच. २००६ च्या मार्चमध्ये विनीला एक पत्र आलं. गॅव्हिन टॉली नावाच्या माणसाने लिहिलं होतं की 'खारा चंद्र' डीव्हीडीवर येतोय. चित्र आणि आवाज धुऊन पुसून स्वच्छ करणार, आणि त्या वेळची जी माणसं हयात आहेत ती चित्र बघत बघत आठवणी सांगतील, तेही सोबत द्यायचं आहे. जुन्या एका कागदावर तुमचं नाव सापडलं, तुम्ही याल का? मिस्टर स्टॅनफोर्थ येणार आहेत.

"जा," हेझेल म्हणाली. "आणि या वेळी मूग गिळून बसलीस तर परत घरात घेणार नाही."

"सांगणार आहे मी."

"लिहून दे तसं."

लंडनच्या सोहो भागातल्या एका तळघरात ते रेकॉर्डिंग होतं. मंगळवारी दहाची वेळ दिलेली, विनी साडेनऊलाच पोचली. गॅव्हिन चाळिशीचा होता. दाढी अर्धी पांढरी, स्वेटरला कोपरावर भोक. त्याने लहानपणी सोफ्यामागे लपून ही मालिका पुनःप्रक्षेपणात पाहिली होती आणि त्या वेडातून तो कधी बाहेर आलाच नव्हता. विनीला त्याने असं काही जपून खुर्चीत बसवलं की जणू तीच काचेची आहे.

"मिस ऑल्डक्रॉफ्ट, तुम्ही लवकर आलात ते बरंच झालं. एक गोष्ट फक्त तुम्हीच सांगू शकाल." त्याने तिच्या कानांवर हेडफोन चढवला. "शेवटच्या भागातली ती शांतता. त्यात हा एक आवाज आहे. तो साफ करायचा की ठेवायचा, हे ठरवायला माझा हात धजत नाही. स्टुडिओतलाच काही खडखडाट असेल तर काढून टाकतो. पण मुद्दाम घातलेला असेल तर त्याला हात लावणं पाप आहे. तुम्ही तिथे होता. काय आहे हा?"

विनीने ऐकलं. गोणपाटाची सळसळ, कुणाचा तरी बूट, आणि मग ती. तेवीस वर्षांची, घाबरलेली, घाईतली. दार. आईवडील गेले, स्टुडिओ पाडून तिथे सदनिका झाल्या, पण ही पोरगी इतकी वर्षं त्या फितीत जिवंत राहिली होती. विनीचे डोळे भरून आले.

"पुन्हा लावा," ती म्हणाली.

त्याने तीनदा लावलं. तिसऱ्यांदा ती सांगायला तोंड उघडणार तोच जिन्यावर काठीचा आवाज झाला आणि ऑब्री स्टॅनफोर्थ आत आला. एक्क्याऐंशी वर्षांचा, गळ्यात रेशमी रुमाल, दोन्ही कानांत यंत्रं, आणि तरी ताठ. त्याने विनीकडे बघितलं आणि तो थबकला. ओळखलं त्याने, लगेच ओळखलं. चेहऱ्यावरून काहीतरी भराभर सरकत गेलं.

"विनी! अगं पोरी, तू तर तशीच आहेस!"

"आणि तुम्ही अजून तसेच खोटं बोलता, मिस्टर स्टॅनफोर्थ," विनी म्हणाली. गॅव्हिनला तो विनोद वाटला, तो हसला. ऑब्री जरा उशिराच हसला.

दुपारपर्यंत त्यांचे चार भाग झाले. गप्पा मात्र छान रंगल्या. रबरी मोज्यांत घाम साचून एक खारा माणूस चक्कर येऊन पडला होता ते, यानाचं दार आतून एक सुतार ढकलायचा ते. मग चहा आला, अंड्याची सँडविचं आली, आणि गॅव्हिनने भाबडेपणाने विचारलं, "मिस्टर स्टॅनफोर्थ, ती शांतता सुचली कशी तुम्हाला?"

ऑब्रीने विनीकडे न बघता कपात साखर ढवळली. बराच वेळ ढवळली. मग त्याने तीच कहाणी सांगितली. शब्दही तेच होते, पण स्विंडनला जो रंग होता तो उतरला होता. पाठ केलेलं म्हणावं तसं तो म्हणत गेला आणि शेवटी त्याने खिशातून एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"ग्रिम्सबीच्या एक बाई दर नोव्हेंबरला पाठवतात. त्यांच्या नवऱ्याने तो भाग पाहिला, उठला, आणि सहा वर्षं ज्या भावाशी अबोला धरला होता त्याच्या दारात जाऊन उभा राहिला. नवरा गेला, भाऊही गेला. बाई अजून कार्ड पाठवतात." त्याने कार्ड पुन्हा खिशात जपून ठेवलं. "त्यानंतर मला काम कुठे मिळालं म्हणा. क्रॉयडनला अकरा वर्षं गालिचे विकले मी. माझ्या नावावर जे काही आहे ते हे चार सेकंद."

आणि माझ्या नावावर? विनीच्या अगदी ओठांवर आलं. तिला त्याचा राग आला, आणि रागासोबत त्याची कीवही आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचा राग आला. ऑब्री वाट बघत होता. आता ही बोलणार, हे त्याला कळत होतं, आणि तो खुर्ची सोडून पळाला नव्हता, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं.

"बरोबर सांगितलंत," विनी म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही फार छान उभे होता."

तिने बिस्किट चहात बुडवलं, खाल्लं, आणि कप ठेवून ती गॅव्हिनच्या मागे आवाजाच्या खोलीत गेली.

"ती कुजबुज म्हणजे खडखडाट आहे," तिने सांगितलं. "माझ्याच हातून कागद सरकला होता. काढून टाका."

"नक्की?"

"मी होते ना तिथे. काढून टाका म्हणते."

गॅव्हिनने तिच्यासमोरच काढला. पडद्यावर आवाजाच्या रेषेत एक छोटासा हिरवा डोंगर होता, तो सपाट झाला. त्याने पुन्हा लावून ऐकवलं. निर्मळ शांतता.

ऑब्री थकला म्हणून शेवटचे दोन भाग गुरुवारवर गेले. गुरुवारी हेझेलचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, तेव्हा विनी काही गेली नाही. घरी काय झालं ते तिने हेझेलला सांगितलं, आणि एका डोळ्याला पट्टी बांधलेल्या हेझेलने दुसऱ्या डोळ्याने तिच्याकडे असं बघितलं की तेवढं पुरे होतं. "तू ना," ती म्हणाली, "तुला शिव्या द्यायला जीव होत नाही, आणि न देता राहवत नाही." तिने मग बऱ्याच दिल्या.

ऑक्टोबरमध्ये गॅव्हिनने पाठवलेली डीव्हीडी आली. डब्यावर चंद्र, यान, आणि चांदीचा एक हात. बहिणींनी दुपारचा चहा घेऊन ती लावली. शेवटच्या भागाला विनी म्हणाली, राहू दे, त्यात मी नाही. हेझेल म्हणाली, पैसे भरून डोळे नवे करून घेतलेत, सगळं बघणार.

पडद्यावर कॅप्टन हॅलम दाराकडे निघाला, आणि त्यावर म्हाताऱ्या ऑब्रीचा आवाज आला. सावकाश, कहाणीतला नव्हे, साधा.

"गॅव्हिन, आता मला मध्ये थांबवू नकोस. ही जागा येतेय तिच्याबद्दल मी चाळीस वर्षं खोटं सांगितलं. शांतता माझी नाही. मी ओळ विसरलो होतो. मला प्रॉम्प्टिंग करणाऱ्या मुलीने ती दिली, आणि माझ्यापायी तिचं काम गेलं. मी एका शब्दाने तिची बाजू घेतली नाही. मंगळवारी ती माझ्या शेजारी बसली होती. मला वाटलं, आता सांगेल. सांगितलं असतं तर मी सुटलो असतो. पण ती म्हणाली, बरोबर सांगितलंत. बिस्किट खाल्लं आणि घरी गेली. तेव्हापासून मला झोप नाही. ती विनी. विनिफ्रेड ऑल्डक्रॉफ्ट. तिचा आवाज फितीवर आहे. तो वारा नाही, भूत नाही. आता कान देऊन ऐका. हा बघा, इथे."

पडद्यावर ऑब्रीचा तरुण चेहरा होता, ते बुडणारे डोळे होते. विनी आणि हेझेल दोघीही पुढे वाकल्या.

काहीही ऐकू आलं नाही. चार सेकंद, धुतल्यासारखे स्वच्छ.

"ऐकलंत?" ऑब्रीचा आवाज म्हणाला. "ती."

हेझेलने डीव्हीडी थांबवली. डब्यात माहितीच्या पुस्तिकेत एक घडी घातलेली चिठ्ठी होती, ती तिने वाचून दाखवली. गॅव्हिनने लिहिलं होतं: चित्र आणि साफ केलेला आवाज बुधवारीच कारखान्यात गेला होता, तुमच्या आठवणींचा आवाज तेवढा मागून जायचा होता. गुरुवारी मिस्टर स्टॅनफोर्थ हे बोलले तेव्हा मी फोनवर फोन केले, पण झालेलं काम ते पुन्हा करायला तयार होईनात. मूळ फितीवर तुमचा आवाज अजून आहे, पण ती कपाटात बंद, कोण ऐकणार. त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही. तुम्ही मला माफ करा.

"त्या माणसाला मारू की तुला?" हेझेल म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तसं ऑब्री ओरडून बोलत होता.

"विनी? आला का डबा?"

"आला."

"शेवटचा भाग पाहिलास?"

"आत्ताच."

"मग? मी बरोबर जागेवर बोट ठेवलं का? मला मेलं आता काही ऐकू येत नाही. पडद्यावरचे आकडे बघत अंदाजाने बोललो. तुझा आवाज आला का नीट?"

हेझेल समोर उभी राहून खुणा करत होती, सांग त्याला, खरं सांग. विनीने तिच्याकडे पाठ केली.

"आला," ती मोठ्याने म्हणाली, त्याला ऐकू जावं म्हणून. "अगदी स्पष्ट आला, ऑब्री."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती त्याला नुसतं ऑब्री म्हणाली होती. पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"देवा," तो म्हणाला. "मग सुटलो गं मी."

त्याने फोन ठेवला, पण नीट ठेवला नाही. त्याच्या खोलीतला टीव्ही ऐकू येत राहिला, एवढ्या मोठ्याने की शेजारी वैतागत असतील. तो भाग त्याने पुन्हा मागे नेऊन लावला होता. मला प्रॉम्प्टिंग करणाऱ्या मुलीने ती दिली. ती विनी. विनिफ्रेड ऑल्डक्रॉफ्ट.

"ठेव ना आता," हेझेल म्हणाली. "कोण बोलतंय अजून?"

विनी रडत होती आणि तिने रिसीव्हर कानाशी घट्ट दाबून धरला होता.

"थांब जरा," ती म्हणाली. "तो परत लावतोय."